बैलाला विचारलं का?

१९६५ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश सरकारला एक अहवाल सादर झाला. आदल्या वर्षी रूथ हॅरिसन यांनी ‘अ‍ॅनिमल मशीन्स’ हे पुस्तक लिहून बंदिस्त पद्धतीने पाळलेल्या कोंबड्या-वासरांचं जिणं लोकांसमोर मांडलं होतं. प्रस्तावना रेचल कार्सन यांची. गवगवा एवढा झाला की सरकारला समिती नेमावी लागली. प्राणिशास्त्रज्ञ रॉजर्स ब्रॅम्बेल तिचे अध्यक्ष. जनावराला निदान उभं राहता यावं, बसता यावं, वळता यावं, अंग साफ करता यावं, हातपाय ताणता यावेत, ही त्या अहवालातली मागणी पुढे जगभर गेली. त्याच अहवालात आणखी एक बारीकशी शिफारस होती. कोंबड्यांच्या पिंजऱ्याचा तळ बारीक षट्कोनी जाळीचा नसावा. पातळ तार पायाला रुतत असणार, हे कुणालाही पटेल असंच होतं.

आठ वर्षांनी, १९७३ मध्ये, ह्यूज आणि ब्लॅक या दोघा संशोधकांनी कोंबड्यांपुढे निरनिराळे तळ ठेवले आणि त्या कुठे जाऊन उभ्या राहतात ते पाहिलं. कोंबड्यांनी पसंत केली ती नेमकी ती बारीक षट्कोनी जाळी. तीत पंजाला जास्त ठिकाणी आधार मिळतो. समितीतली माणसं कनवाळू होती, अभ्यासूही होती. फक्त कोंबडीच्या पायाचा अंदाज त्यांनी आपल्या पायावरून बांधला.

पशुकल्याणाच्या अभ्यासात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला ही गोष्ट बहुधा सुरुवातीलाच ऐकवली जाते. ती ऐकवून थांबणं मात्र बरं नव्हे, कारण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. ऑक्सफर्डच्या मॅरिअन डॉकिन्स यांनी सत्तरच्या दशकात कोंबड्यांना पिंजरा आणि मोकळी जागा यांतून निवड करायला दिली. मोकळीकच जिंकली. पण आयुष्यभर पिंजऱ्यात राहिलेल्या कोंबड्या सुरुवातीला पिंजऱ्याकडेच वळल्या. मोकळ्या जागेची ओळख झाल्यावर त्यांचा कल बदलला. म्हणजे जनावराला विचारायचं तर तेही एकदाच विचारून भागत नाही. कुणाला विचारतो, कधी विचारतो, त्याला आधीची सवय कशाची आहे, हे सगळं वहीत यावं लागतं.

ही वही कशी भरते आणि भरल्यावर तिचं काय होतं, हे मला पाहायचं होतं. आपल्याकडे पशुवैद्यकाची पदवी सध्या साडेपाच वर्षांची आहे. त्यातलं शेवटचं वर्ष सक्तीच्या इंटर्नशिपचं. हे वर्ष बहुतेकांचं दवाखाना, लसीकरण, कृत्रिम रेतन, शस्त्रक्रियेतली मदत यांतच जातं, आणि जायलाही हवं. गाईचं अडलेलं वेत सोडवता आलं नाही तर त्या डॉक्टरला गावात कोण विचारणार? पण एखाद-दुसरी मुलगी किंवा मुलगा याच धबडग्यात छोटासा अभ्यास हाती घेतो: पांजरपोळातल्या गाई माणसाला किती जवळ येऊ देतात, दवाखान्याच्या पिंजऱ्यात कुत्रं किती वेळ झोपतं, असा. अशाच एका मुलीसोबत मी गळीत हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या गाडीतळावर जात असे. नाव देत नाही, कारखान्याचंही नाही. ती मराठवाड्यातली, शेतकऱ्याच्या घरातली. तिचा विषय होता बैलांचे खांदे.

पहाटेच्या गाडीतळाचं वर्णन करायचा मोह टाळतो. उसाने लादलेल्या टायरगाड्या एकामागे एक लागलेल्या असतात आणि वजनकाट्याची वाट पाहणं हे तिथलं मुख्य काम असतं, एवढं पुरे. गाडीवान कोपऱ्यात शेकत बसतात. काही बैल सोडून वाढ्यांवर बांधलेले, काही जुवाखालीच उभे. या गर्दीत ती पुठ्ठ्याला चिमट्याने कागद लावून उभी राहायची. मोबाइलचा गजर ठरावीक वेळाने वाजला की निवडलेल्या प्रत्येक बैलाकडे एक नजर टाकायची आणि त्याच्या रकान्यात एकच अक्षर लिहायची. उभा असेल तर ‘उ’, बसलेला असेल तर ‘ब’, रवंथ करत असेल तर ‘र’. मधल्या वेळात बैलाने काहीही केलं तरी ते लिहायचं नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे विचित्र वाटतं. समोर एक बैल शिंग झाडतोय, दुसरा त्याला रेटतोय, आणि ही घड्याळाकडे बघते आहे!

त्यामागे कारण आहे. डोळा नेहमी धमाल चाललेल्या ठिकाणी जातो. जे जनावर गप्प उभं आहे ते नजरेतून सुटतं, आणि बहुधा आजारी तेच असतं. केनियातल्या अंबोसेलीत बबून माकडांचा अभ्यास करणाऱ्या जीन आल्टमन यांनी १९७४ मध्ये निरीक्षणाच्या पद्धतींवर एक लेख लिहिला. त्या मुळात गणिताच्या विद्यार्थिनी. कुणाकडे, कधी आणि किती वेळ पाहायचं हे आधी ठरवलं नाही तर आपण प्राण्याचं वर्तन टिपत नसून आपली उत्सुकता टिपत असतो, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवलं. वर्तनाचा अभ्यास करणारे आजही तोच लेख उघडतात.

ठरावीक वेळेच्या नोंदी झाल्या की ती एकेका बैलाजवळ जायची. आधी कुशीची हालचाल मोजून मिनिटाला श्वास किती ते लिहायचं. मग खांदा. केस गेलेत का, कातडी निबर झाली आहे का, सूज आहे का, जखम उघडी आहे का, प्रत्येकाला वेगळी श्रेणी. प्रत्येक खांद्याचा फोटो, त्यावर बैलाचा नंबर. गाडीवानाची परवानगी आधी घ्यायची, महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची त्याच्याही आधी.

“ताई, ते वहीत लिव्हून काय हुणार? जखमेला काय लावायचं त्ये सांगा की,” एक गाडीवान म्हणाला. प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर तिच्या मार्गदर्शक सरांनी पहिल्याच दिवशी देऊन ठेवलं होतं. उघडी जखम दिसली की आधी नोंद, लगेच उपचार, आणि तो बैल पुढच्या मोजणीतून बाद. बाद का केला तेही अहवालात लिहायचं. तिने पिशवीतून मलम काढलं. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला नुसतं बघ्या होऊन राहता येत नाही. वर्तनशास्त्राच्या विद्यार्थ्याची मात्र इथे कुचंबणा होते, कारण त्याच्या पिशवीत मलम नसतं.

उपचारानंतर गाडीवानाची जीभ सैल झाली. हा बैल कायम उजवीकडे चालतो, तो डावीकडे. जोड उलटी जुंपली की चालत नाहीत. सडकेला उतार डावीकडे असतो, म्हणून डाव्या बैलावर ओढ जास्त. बेंदराला खांदेमळणी करतो, हळद-लोणी चोळतो, “पर हंगामात कुठली वं खांदेमळणी!” ती ऐकत होती आणि लिहीत होती. दुसऱ्या दिवशी तिच्या कागदावर एक नवा रकाना आला: बैलाची बाजू. कुठल्याही पाठ्यपुस्तकात तो तिला मिळाला नसता. मला विचाराल तर तिच्या सगळ्या इंटर्नशिपचं चीज त्या एका रकान्यात झालं.

आता त्याच कागदावरचा दुसरा रकाना. जुवाखाली गोणपाट किंवा जुनी गोधडी बांधली आहे की नाही, असा तो होता. तिचा अंदाज सरळ होता: गोणपाट असेल तिथे जखमा कमी. नोंदी मांडल्या तर उलटंच निघालं. गोणपाट बांधलेल्या बैलांचे खांदे जास्त बिघडलेले. मसुद्यात तिने वाक्य लिहून टाकलं की गोणपाटामुळे घर्षण आणि ओल वाढून जखमा वाढतात. वाचायला ते अगदी शास्त्रीय वाटत होतं. ‘ओल’ घातल्याने तर त्याला वजनच आलं होतं. सरांनी त्यावर काही न बोलता तिला पुन्हा गाडीतळावर पाठवलं. तिथे त्याच गाडीवानाला तिने विचारलं, “मामा, गोणपाट कधी बांधता?” तो हसायलाच लागला. “खांदा सुजल्याव. चांगल्या खांद्याला कोन कशाला बांधंल?”

सांख्यिकीच्या तासाला हीच गोष्ट दोन घटना सोबत दिसणं आणि एकीमुळे दुसरी घडणं यांतला फरक म्हणून शिकवतात, आणि परीक्षा झाली की मुलं विसरतात. ही मुलगी विसरेल असं मला वाटत नाही. अंतिम अहवालात तिने लिहिलं की गोणपाट आणि जखमा यांचा संबंध आढळला, परंतु गोणपाट जखमेनंतर बांधला जात असल्याने त्याच्या परिणामाबद्दल या अभ्यासातून काही सांगता येत नाही. म्हणजे हंगामभराच्या खटपटीनंतर मुख्य प्रश्नाचं उत्तर ‘सांगता येत नाही’. असं वाक्य लिहायला छाती लागते, कारण पुढे-मागे नोकरीच्या मुलाखतीत कुणीतरी विचारणारच, “मग तुम्ही सिद्ध काय केलंत?”

प्राण्याकडे पाहणारा माणूस स्वतःच किती फसतो, याचे दाखले या शास्त्राने हौसेने जपून ठेवले आहेत. बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवत असे. मालक विल्हेल्म फॉन ऑस्टन लबाड नव्हता. १९०४ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळालाही लबाडी सापडली नाही. कोडं सोडवलं ते मानसशास्त्राचा विद्यार्थी असलेल्या ऑस्कर फुंग्स्टने. उत्तर ठाऊक नसलेल्या माणसाने प्रश्न विचारला की हान्स चुकायचा. विचारणाऱ्याच्या मानेची, भुवयांची नकळत झालेली हालचाल पाहून तो खूर थांबवत होता. १९०७ मध्ये फुंग्स्टने हे पुस्तकरूपाने मांडलं. घोडा हुशार होताच, फक्त गणितात नव्हे.

हान्सच्या वेळी घोडा माणसाला वाचत होता. १९६३ मध्ये रोझेनथाल आणि फोड यांनी माणूस काय वाचतो ते तपासलं. काही विद्यार्थ्यांना सांगितलं की तुमचे उंदीर भूलभुलैयात हुशार वाणाचे आहेत, काहींना सांगितलं मठ्ठ वाणाचे. उंदीर सगळे सारखेच होते. तरी ‘हुशार’ उंदीर हुशार ठरले. आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेल्जियममधल्या अभ्यासात पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना तेच चित्रण दोनदा दाखवलं, आधी दिलेली माहिती तेवढी बदलली. हवा अधिक गरम होती असं कळलं की गुरांची धाप जास्त दिसायची. कोंबड्या सेंद्रिय पद्धतीने पाळलेल्या आहेत असं कळलं की त्या जास्त खुशीत दिसायच्या.

गाडीतळावरच्या त्या मुलीने खांद्याचे फोटो काढले होते ते यासाठीच. ते क्रम पिसून दुसऱ्या एका इंटर्नला दिले. कुठला बैल, गोणपाट होता की नव्हता, काही न सांगता. त्याने आपल्या श्रेणी दिल्या, तिने आपल्या, आणि दोघांचं कुठे जमतं, कुठे फाटतं हे पाहिलं. सूज आणि निबर कातडी यांत दोघांचं वारंवार फाटत होतं. मग दोघांनी बसून व्याख्या सुधारल्या आणि सगळे फोटो नव्याने पाहिले. तीन-चार संध्याकाळी वसतिगृहाच्या खोलीत बैलाच्या खांद्यांवरून भांडण! बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. या शास्त्राची विश्वासार्हता मात्र असल्याच भांडणांतून येते.

आता लिहिण्याबद्दल. तिचा पहिला मसुदा ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ या वाक्याने सुरू होत होता. दुसऱ्या परिच्छेदात बैल आणि बळीराजाचं नातं, पोळा, सिंधू संस्कृतीच्या मुद्रा. सरांनी दीड पान उभं कापलं. खाली एक वाक्य होतं: ‘बैल अत्यंत थकलेले व दुःखी दिसत होते.’ त्याच्या समासात लाल शाईचे तीन प्रश्न होते. किती बैल? कधी? कशावरून? ती माझ्याकडे वैतागून म्हणाली, “काका, मला दिसलं ना ते! मी घरी बैल पाहिलेत लहानपणापासून.” दिसलं होतं यात शंका नाही. पण जे तिला दिसलं ते वाचणाऱ्याला दिसण्याची सोय त्या वाक्यात नव्हती. सुधारलेल्या मसुद्यात त्या जागी पाहिलेल्या बैलांची संख्या आली, उभं राहण्याचा काळ आला, जुवाखाली आणि सोडल्यावर मोजलेल्या श्वासाचा वेग आला. ‘दुःखी’ गेलं. वाचताना मला ते नवं पान जुन्यापेक्षा जास्त लागलं.

असं लिहिणं म्हणजे भावना नाकारणं नव्हे. उलट भावनेचा माग काढायच्या युक्त्या या शास्त्रात फार सुंदर आहेत. २००० सालच्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांपुढे दोन प्रकारचं खाद्य ठेवलं, एकात वेदनाशामक औषध मिसळलेलं. लंगडणाऱ्या कोंबड्यांनी औषधाचं खाद्य धडधाकट कोंबड्यांपेक्षा जास्त खाल्लं, आणि लंगडेपणा जितका जास्त तितकं औषध जास्त. २००१ मध्ये जॉर्जिया मेसन आणि सहकाऱ्यांनी फरसाठी पाळलेल्या मिंक या प्राण्यांना निरनिराळ्या सोयी दिल्या, पण प्रत्येकीच्या दाराला वजन लावलं आणि ते वाढवत नेलं. पोहायच्या हौदासाठी मिंक सर्वांत जास्त जोर लावत. हौद बंद केला तेव्हा त्यांच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक वाढलं. ‘मिंकला पोहायला आवडतं’ असं म्हणण्यासाठी केवढा खटाटोप! पण त्यानंतर कुणी “तुम्हाला काय माहीत?” असं विचारलं तर दाखवायला काहीतरी हातात असतं.

लिखाणातली ढिलाई फक्त विद्यार्थ्यांची नसते. २००९ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत सरकारी पैशाने झालेल्या प्राणी-प्रयोगांवरचे २७१ शोधनिबंध तपासण्यात आले. अभ्यासाचा हेतू आणि किती, कसे प्राणी वापरले या गोष्टी नीट सांगणारे निबंध ५९ टक्केच निघाले. प्राण्यांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडल्याचा उल्लेख ८७ टक्के निबंधांत नव्हता. आणि मोजणाऱ्याला कुठला प्राणी कुठल्या गटातला हे ठाऊक नव्हतं, असा उल्लेख ८६ टक्के निबंधांत नव्हता. हे सगळे नामवंत संस्थांतले शास्त्रज्ञ. त्यातून पुढच्याच वर्षी ‘अराइव्ह’ ही नियमावली आली, २०२० मध्ये ती सुधारली गेली. प्राणी किती, कसे निवडले, कुणाला का वगळलं, मोजणारा अंधारात होता का, हे लिहा, असं ती सांगते. एखाद्या उंदराने प्रयोगात जीव दिला आणि निबंध इतका ढिसाळ लिहिला की कुणाला त्यावर विसंबता येईना, तर तो उंदीर फुकट मेला. इतका साधा हा हिशेब आहे.

अशा कामात विद्यार्थ्यांना ओढण्याची परंपरा जुनी आहे. लंडन विद्यापीठात १९२६ मध्ये मेजर चार्ल्स ह्यूम यांनी प्राणिकल्याणाची संस्था काढली. पुढे तिचं नाव ‘युनिव्हर्सिटीज फेडरेशन फॉर अ‍ॅनिमल वेल्फेअर’ झालं. प्राण्यांचा कळवळा आणि विद्यापीठातलं शास्त्र यांची सांगड घालणं हा ह्यूम यांचा ध्यास. प्रयोगात शक्य तिथे प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा, हे रसेल आणि बर्च यांचं १९५९ मधलं प्रसिद्ध पुस्तक याच संस्थेच्या पुढाकारातून आलं. पदवीच्या मुलांना छोट्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती देणं, हेही तिच्या कामांपैकी एक.

आपल्याकडे मला दिसलेलं सर्वांत ठसठशीत उदाहरण कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतलं. अनिंदिता भद्र आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास रस्त्यावरच करतात. २०१० ते २०१५ या काळात त्यांनी ९५ वेतांमधल्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं. सात महिन्यांच्या वयापर्यंत जगली ती १९ टक्के. मेलेल्यांपैकी ६३ टक्के पिल्लांच्या मृत्यूला या ना त्या प्रकारे माणूस कारण होता. गल्लीबोळांतून वह्या घेऊन हिंडल्याशिवाय असा आकडा हाती लागत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयाने एक आदेश दिला, काही दिवसांतच तो बदलला, आणि देशभर दोन तट पडले. त्या गदारोळात कुत्राप्रेमी आणि कुत्राद्वेष्टे दोघांचेही घसे बसले. पिल्लं मोजणाऱ्यांचं नाव क्वचितच कुणी घेतलं. हा तंटा काही आजचा नाही म्हणा. मुंबईत १८३२ मध्ये कंपनी सरकारच्या कुत्री मारण्याच्या हुकुमावरून दंगल झाली होती, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला.

बैलांचं तेच. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि आपल्या बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा निकालपत्रात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला: भूक-तहान, गैरसोय, वेदना-आजार, भीती-ताण यांपासून मुक्तता आणि स्वाभाविक वर्तनाची मोकळीक. ब्रॅम्बेल अहवालातून निघालेली आणि १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये मांडली गेलेली ही यादी अशी आपल्या शर्यतींच्या घाटापर्यंत पोचली. मग महाराष्ट्राने कायदा बदलला, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो वैध ठरवला. या सगळ्या वर्षांत गावोगावी परंपरेवर आणि क्रौर्यावर जेवढी भाषणं झाली, त्याच्या शतांशानेही घाटावर घड्याळ आणि स्टेथोस्कोप घेऊन कुणी उभं राहिल्याचं मी पाहिलं नाही. शर्यतीआधी, शर्यतीनंतर आणि तासाभराने बैलाच्या श्वासाचा, नाडीचा वेग काय असतो, हा विषय एखाद्या इंटर्नच्या हंगामात बसणारा आहे.

नियम तरी आकड्यांत आहेत. ओढकामाच्या जनावरांचे केंद्रीय नियम १९६५ चे, योगायोगाने ब्रॅम्बेल अहवालाच्याच वर्षाचे. जनावराला दिवसाला एकूण नऊ तासांहून जास्त जुंपायचं नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन मुळीच नाही. त्या मुलीच्या पिशवीत थर्मामीटर होता. हंगाम मार्चपर्यंत लांबला तेव्हा भर दुपारी तो ३७ च्या वर गेलेला मी पाहिला. गाड्या चालूच होत्या. गाडीवानाला दोष देण्यात अर्थ नाही. रांग पुढे सरकली आणि तो उन्हामुळे थांबला तर त्याची खेप बुडते, आणि खेपेवर त्याच्या घरची चूल आहे. तिने अहवालात शिफारस केली ती गाडीवानासाठी नव्हतीच. रांगेचे नंबर आधी द्या म्हणजे बैल सोडून ठेवता येतील, आणि तळावर सावली व पाण्याचा हौद करा, एवढंच तिने लिहिलं.

अहवाल सादर झाला, तोंडी परीक्षा झाली, गुण मिळाले. त्याची एक प्रत विभागाच्या कपाटात गेली. अशी कपाटं मी इतरत्रही पाहिली आहेत: इंग्रजीत टंकलेले, काळ्या रेक्झिनमध्ये बांधलेले, कुणी न उघडलेले अहवाल. काहींमध्ये भरताड आहे, हे खरं. पण काहींमध्ये एखाद्या तालुक्यातल्या म्हशींच्या खुरांची, एखाद्या गोशाळेतल्या गाईंच्या उठण्या-बसण्याची इतकी काटेकोर नोंद आहे की ती दुसरीकडे कुठेही सापडणार नाही. ज्या माणसाच्या बैलांचे खांदे मोजले, त्याला मात्र शेवटी काय निघालं ते कळतच नाही. ही मला चूक वाटते, आणि ती दुरुस्त करायला फारसा पैसाही लागत नाही.

म्हणून पशुवैद्यक महाविद्यालयांना सांगणं आहे: प्रत्येक इंटर्नच्या अहवालासोबत दोन पानांचा मराठी गोषवारा सक्तीचा करा, ‘सांगता येत नाही’ असा निष्कर्ष निघाला असेल तर तोही, आणि ज्यांची जनावरं मोजली त्यांच्या हातात तो द्या. साखर कारखान्यांच्या संचालकांना आणि पांजरपोळांच्या विश्वस्तांना सांगणं आहे: या मुलांना फाटकावर अडवू नका. तुमची उणीदुणी काढायला ती येत नाहीत. आणि काढलीच, तर निदान मोजून काढतील. आणि तुमच्या दावणीला बैल, गाय, म्हैस असेल आणि एखादी मुलगी वही घेऊन दारात आली, तर तिला तुमच्या जनावराच्या सवयी सविस्तर सांगा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तिला फोन करून विचारा की काय निघालं.